प्रभावतीकाकूंचं पाणी

चारचौघांत विचारू नये ते विचारायचं, हाच धम्मदीपाचा पोटापाण्याचा उद्योग. घोटावड्याच्या उपकेंद्रात ती नर्स. पोराला जुलाब कधीपासून, पोरीची पाळी नियमित येते का, म्हाताऱ्यांची लघवी अडते का, सगळं ती भाजीचा भाव विचारावा तसं विचारी. पण आपल्याच माण गावातल्या प्रभावतीकाकूंना एक साधा प्रश्न विचारायला तिची जीभ रेटत नव्हती: काकू, तुम्ही आमच्या घरचं पाणी का पीत नाही?

काकू तशा लाघवी. शेतात आता खोल्या बांधलेल्या, त्यात आयटीतली पोरं भाड्यानं. हाताला काम नाही, म्हणून संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाहून चालत यायच्या आणि दीपाच्या आईशी, जयाशी, ओट्यावर गप्पा मारत बसायच्या. पण पाण्याचा तांब्या दिसला की हात आडवा. जयानं पाणी विचारणं केव्हाच सोडलं होतं. "जात न्हाई तीच जात," म्हणायची आणि भांडी घासायला घ्यायची. गावात तसली माणसं अजून आहेत, तेव्हा जयाचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? दीपाला मात्र ते जिव्हारी लागायचं. गावभर विचारपूस करत हिंडणारी ही पोर काकूंचा उंबरा तेवढा चढत नव्हती.

मग एका बारशाला काकूंनी चहाचा भरला कप गुपचूप शेजारणीपुढे सरकवलेला तिनं पाहिला. आणि घर कुणाचं, तर त्यांच्या सख्ख्या जावेचं! दीपा चक्रावली. आता तिला चैन पडेना. ती काकूंवर नजरच ठेवू लागली. कुठंही गेल्या तरी काकू दाराजवळची जागा धरायच्या. बायका हसून लोटपोट झाल्या की या गुडघे आवळून बसायच्या. दीपाच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि स्वतःची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती काकूंच्या घरी गेली आणि सगळ्यांना विचारते तसंच विचारलं, खोकताना, शिंकताना लघवी होते का. काकूंनी आधी उठून दार लोटून घेतलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "धाकट्याच्या येळंपासनं. अंगबी बाहेर येतंय. घरात मोरी जवळ हाय, लोकाच्यात कुटं पळू? म्हनून घोटभरबी न्हाई घेत."

पाणी नाही म्हणून शौचाला खडा होई, कुंथून कुंथून अंग, म्हणजे गर्भाशय, आणखी खाली येई. कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं.

"आईला वाटतं, आमच्या घरचं म्हणून पीत नाही," दीपा म्हणाली.

काकूंचा चेहरा उतरला. "जयाला आसं वाटलं? आन् येवढी वर्सं बोलली न्हाई?" त्यांना रडू आवरेना.

दीपानं त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी अंग सावरायला रिंग बसवली, व्यायाम शिकवले, भरपूर पाणी प्यायला बजावलं. बरं वाटायला वेळ लागला. मग एका संध्याकाळी काकू ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "जया, पाणी दे गं."

जयानं आधी लेकीकडे पाहिलं, मग तांब्या आणला. काकूंनी तो रिकामा केला आणि गप्पा सुरू झाल्या. थोड्या वेळानं त्या उठल्या. निघाल्या वाटतं, असं जयाला वाटलं, तर त्या घराच्या आत वळल्या.

"तुमची मोरी कुटं हाय गं?"

जया लगबगीनं पुढे झाली आणि तिनं आतला दिवा लावला.