सहा हजार फुटांवरचं गाऱ्हाणं

कृष्णनाथ परबांच्या घरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द ‘हय’, म्हणजे ‘हो’, हा होता आणि तो वापरणारे एकटे कृष्णनाथच होते. बायको, चंद्रावती, स्वयंपाकघरातून काहीही सांगो, पेपराच्या मागून ‘हय’ येई. पोदेराकडून चार उंडे घ्या. हय. मग ते पाववाल्या पोदेराकडून त्या गोल पावांऐवजी बांगडीच्या आकाराची सहा कडक काकणं घेऊन येत, आणि आपल्याला काकणंच सांगितली होती याबद्दल त्यांच्या मनात तीळभर शंका नसे. छत्तीस वर्षांच्या संसारात चंद्रावती काकणं चहात बुडवून खायला शिकली होती.

माणूस बेजबाबदार म्हणावा तर तसंही नव्हतं. पेडण्याचा हा गृहस्थ अठ्ठावीस वर्षं डिचोलीकडे, सुर्ल्याच्या एका खाणीवर, मातीचे ट्रक सोडत होता. उतारावर पुढच्याची धूळ बसेपर्यंत मागच्याला हलू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे मुलगी गौरवी विमानांना वाट दाखवायच्या नोकरीला लागली तेव्हा गावाला नवल वाटलं, त्यांना नाही. धंदा तोच, फक्त धूळ नाही.

ही गौरवी रजा काढून घरी आली होती. चौथ्या दिवशी जेवताना तिनं रजेचं खरं कारण सांगितलं.

घाटापलीकडच्या ज्या विमानतळावर ती होती, तिथं उतरत्या विमानाला तिनं सहा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, कारण खाली पाच हजारांवर दुसरं विमान होतं. दोघांत हजार फूट अंतर हवं. सांगितलेला आकडा वैमानिकानं जसाच्या तसा परत म्हणायचा आणि त्यानं तो बरोबर म्हटला की नाही हे हिनं ऐकायचं, असा नियम. वैमानिक मुरलेला, पिकल्या आवाजाचा. त्यानं आकडा म्हटलाच नाही. नुसतं ‘रॉजर’ म्हणाला आणि सहा हजारांवर न थांबता खाली येत राहिला. पडद्यावरची घंटा वाजली, तिनं एकाला बाजूला वळवलं, तोवर अंतर सहाशेवर आलं होतं. प्रवाशांना काही कळलं नाही. त्यांच्या हातातली कॉफी हातातच राहिली.

“काकाच्या वयाच्या माणसाला ‘परत म्हणा’ कसं सांगायचं, पप्पा? जीभच उचलेना,” गौरवी म्हणाली.

तिला खुर्चीवरून उठवलं, पुन्हा शिकवलं, परीक्षा घेतली. त्या परीक्षेत परीक्षक वैमानिक होतो आणि मुद्दाम अर्धवट उत्तरं देतो. तोही पिकल्या केसांचा निघाला. तिनं त्याचंही अर्धवट उत्तर चालवून घेतलं. आता शेवटची संधी होती. हुकली की रेडिओ कायमचा सुटला आणि पुढं निवृत्तीपर्यंत फायलींना वाट दाखवायची.

कृष्णनाथांनी विचार केला. “रॉजर म्हणजे गो काय?”

“ऐकलं, एवढंच.”

“म्हणजे हय.”

“हय.”

चंद्रावतीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात छत्तीस वर्षांची काकणं होती.

दुसऱ्या दिवसापासून कृष्णनाथांनी तिचा सराव घ्यायला सुरुवात केली. ते खुर्चीत वैमानिक होऊन बसत. ती सांगे, सहा हजारांवर थांबा. ते म्हणत, हय. ती हसून पाणी प्यायला उठून जाई. पोर सुधारते आहे, असं त्यांचं मत झालं.

परीक्षा बुधवारी होती. तिकिटाचं काम त्यांनी हट्टानं स्वतःकडे घेतलं होतं, कारण बसची तिकिटं विकणारा गोकुळदास पूर्वी त्यांच्या हाताखाली ट्रक चालवायचा. त्याला त्यांनी मंगळवारच्या गाडीचं सांगून ठेवलं. शुक्रवारी निरोप आला की परीक्षा एक दिवस अलीकडे, मंगळवारी घेणार. चंद्रावतीनं आतूनच सांगितलं, तिकीट सोमवारचं करून घ्या. त्या दिवशीच्या पेपरात बंद पडलेल्या खाणी लवकरच सुरू होणार अशी, दरवर्षी येते ती बातमी होती. पेपराच्या मागून ‘हय’ आलं.

रविवारी सकाळी देवळात गावाचं वार्षिक देवकार्य होतं. गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान परबांकडे तीन पिढ्या चालत आलेला. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. काय मागितलं हे ऐकायची चाल नव्हती. गेल्या वर्षी कृष्णनाथांना मध्येच शिंक आली, तर तिलाही साठ माणसांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं होतं.

नारळ हातात घेऊन त्यांनी सुरुवात केली. पाऊसपाणी झालं, गुरंवासरं झाली, मुंबईला असलेली लेकरं झाली. मग त्यांचा आवाज जरा खाली आला.

“बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाची परीक्षा आसा.”

“व्हय म्हाराजा.”

“बुधवारी तिच्या पाठीशी उभो ऱ्हव म्हाराजा.”

“व्हय म्हा...”

“चुकलं, पप्पा.” बायकांच्या बाजूनं आवाज आला. घरातला नव्हता, सपाट, स्वच्छ, रेडिओवरचा असावा तसा. “मंगळवार. परत म्हणा.”

साठ माणसांचं ‘म्हाराजा’ अर्ध्यावरच राहिलं आणि जवळच्या पठारावरच्या विमानतळाकडून चढणारं विमान ऐकू आलं. गाऱ्हाण्यात मध्ये कुणी बोलल्याचं तीन पिढ्यांत घडलं नव्हतं. कृष्णनाथांच्या कानशिलाला रक्त चढलं. त्यांनी वळून पाहिलं. गौरवीनं आईचा पदर मुठीत घट्ट धरला होता. डोळे मात्र खाली गेले नव्हते. त्या डोळ्यांत बघता बघता त्यांना शुक्रवारची बातमी आठवली, बातमीच्या पलीकडून आलेला बायकोचा आवाज आठवला, आणि तिकीट आठवलं.

हे बायकोला सांगण्यापेक्षा देवाला सांगणं सोपं होतं. ते पुन्हा गाभाऱ्याकडे वळले.

“मंगळवारी, म्हाराजा. आणि तिकीट मी चुकीचा केलंय, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” साठ माणसं सवयीनं म्हणाली. चंद्रावतीचा आवाज त्यात सगळ्यांत खणखणीत होता.

गोकुळदास मागं खांबाला टेकून उभा होता. कृष्णनाथांनी गाऱ्हाणं तसंच थांबवून त्याला सांगितलं, तिकीट बदल, सोमवारची सांजची गाडी, खिडकीकडची सीट.

“हय,” गोकुळदास म्हणाला.

“हय नको. काय सांगलंय ता परत सांग.”

गोकुळदासनं आधी देवाकडे पाहिलं, मग पूर्वीच्या साहेबाकडे. “सोमवार. सांजची गाडी. खिडकीची सीट. गौरवी परब.”

“बरोबर,” गौरवी म्हणाली. मग गाऱ्हाणं पुढं सुरू झालं.

मंगळवारी दुपारी फोन आला. परीक्षकानं पहिल्याच फेरीला नुसतं ‘रॉजर’ म्हटलं. सर, आकडा म्हणा, ती म्हणाली. त्यांनी चुकीचा म्हटला. तिनं पुन्हा म्हणायला लावला. तिसऱ्यांदा ते हसले आणि बरोबर म्हणाले. “पास झाले, पप्पा. शुक्रवारपासून परत खुर्चीवर.”

“हय,” कृष्णनाथ म्हणाले.

पलीकडून काहीच आलं नाही. फोन कटला नव्हता. ती थांबली होती.

त्यांनी घसा साफ केला. “पास झालीस. शुक्रवारपासून परत खुर्चयेर.”

“बरोबर,” ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज घरातला झाला.

संध्याकाळी पोदेराचा भोंगा वाजला. चंद्रावतीनं आतून सांगितलं. “चार उंडे,” कृष्णनाथ मोठ्यानं म्हणाले, पेपर खाली ठेवून गेले, आणि चार उंडेच घेऊन आले.

चंद्रावतीनं कप हातात धरून एक उंडा चहात बुडवून पाहिला. मग तिनं फडताळावरचा डबा काढून आत शनिवारचं एखादं काकण उरलंय का ते पाहिलं.