गुणवंतरावांचं लाडकं कोलेस्टेरॉल

मी गुणवंतरावांच्या रक्तातून बोलतोय. डॉक्टर मला एचडीएल म्हणतात, बाकीचे चांगलं कोलेस्टेरॉल. नाव ऐकून हुरळू नका. दिल्लीत आमच्या द्वारका भागातल्या गल्ल्यांतून सकाळी कबाडीवाला ओरडत जातो ना, त्याचाच धंदा माझा. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठलेलं जादा कोलेस्टेरॉल उचलायचं आणि यकृतात नेऊन टाकायचं.

माझा जन्मही बराचसा यकृतातलाच. आयुष्य चार-दोन दिवसांचं. एक गेला की दुसरा त्याच्या जागी कामाला लागतो. म्हणून मी सगळ्या जमातीच्या वतीने बोलतो. आमचा चुलतभाऊ एलडीएल शरीरभर माल पोचवतो. कामाचा आहे, पण त्याची गर्दी झाली की वाटेतल्या भिंतींतच माल टाकून मोकळा होतो. मग निस्तरायला आम्ही.

गुणवंतराव केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. सोसायटीत रक्ततपासणी झाली आणि माझा आकडा सगळ्यांच्या वर निघाला. झालं! बोर्डात आल्यासारखे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटले. एलडीएलही वाढलंय म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली होती, ती मात्र यांनी परस्पर बंद केली. रविवारी छोले-भटुऱ्यांची दुसरी प्लेट मागवताना पत्नी सुमित्राबाईंनी डोळे वटारले की म्हणायचे, "अगं यार, आपलं चांगलंवालं बिल्कुल फर्स्टक्लास आहे."

मी लाजेने अर्धा व्हायचो. कौतुक मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण आत चुलतभावाने मांडलेला पसारा मला दिसत होता आणि तो माझ्याने आवरत नव्हता. फार भीती वाटायची.

तशात मराठी मंडळाचे चिटणीस श्रीरंग यांनी गुणवंतरावांचं भाषण ठरवलं. विषय, 'हृदय कसं सांभाळावं'! उंटावरचा शहाणा कसा असतो, ते मी आतून पाहत होतो.

हॉल तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. दुसऱ्या जिन्यावर छातीवर पाटा ठेवावा तसं त्यांना जड झालं. कठड्याला टेकून ते म्हणाले, गॅस झालाय. पण मेट्रोच्या जिन्यावर हल्ली ते फोन आल्याचं सोंग करून थांबतात, हे सुमित्राबाईंच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

"भाषण कॅन्सल," त्या श्रीरंगना म्हणाल्या. "गाडी काढा, हॉस्पिटलला जायचंय."

"अगं, पण माझं एचडीएल…"

"माझं लग्न तुमच्याशी झालंय, एचडीएलशी नाही. चला."

खरं सांगतो, त्या माउलीला मी मनातल्या मनात दंडवत घातला.

हृदयाची एक रक्तवाहिनी चांगलीच अरुंद झालेली निघाली. वेळेवर पोचल्यामुळे ती स्टेंट घालून मोकळी करता आली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट समजावलं: चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे हे छानच, पण तेवढ्याने हृदयाची हमी मिळत नाही. वाईट खाली आणावंच लागतं, बीपी आणि शुगरवरही लक्ष ठेवावं लागतं. माझ्या मनातलं अखेर कुणीतरी बोललं!

आता गोळी रोज पोटात जाते. सकाळी दोघं बागेत फिरतात. भटुरे सणासुदीला, तेही अर्धे. चुलतभावाची गर्दी ओसरली आणि मला कामात मजा येऊ लागली.

राहिलेलं भाषण पुढच्या वर्षी झालं. जिना गुणवंतराव न थांबता चढले. सुरुवातीलाच त्यांनी आपल्या शहाणपणाची सगळी कहाणी सांगून टाकली. शेवटी कुणीतरी विचारलंच, "आता एचडीएल किती?"

"ते बिचारं त्याचं काम करतंय," गुणवंतराव म्हणाले. "आता मी माझं करतो."

हॉल हसला, सगळ्यांत मोठ्याने सुमित्राबाई. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. तुमच्याही रक्तात मी राबतोच आहे. मला मखरात बसवू नका. जरा हातभार लावा.