निळकंठबाबाची खीर

सानगडीच्या तलावाच्या पाळीवर दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. निळकंठबाबा साखरेची बिमारी मारतो, अशी बोंब लाखनीपर्यंत गेली होती.

बाबा टोपलीतलं हिरवं पान रोग्याच्या तोंडात घाली. "चाव बेटा, चाव." मग जिभेवर चिमूटभर साखर. "कशी लागते?"

"मातीवानी लागून राहिली, बाबा!"

"मेली! साखरेची तिरडी उठली! फेक आता सुया तलावात!"

लोक फेकत. माझ्या भावाने, जागेश्वरने, आपल्या गुड्डीच्या इन्सुलिनच्या बाटल्या फेकल्या. दोन दिवसांत पोर ओकायला लागली, धापा टाकू लागली, शुद्ध हरपली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेली, तेव्हा तिचा हात माझ्या हातात नुसता पडून होता.

माझा सोमवारचा उपास पाहून तिथल्या डॉक्टर कीर्तीने विचारलं, "मावशी, तुम्ही सोमवारी दिवसभर उपाशी असता. मग रक्तातली साखर संपून पडत कशा नाही?"

"महादेव सांभाळते."

"मग त्याने आत दोन निरोपे ठेवलेत असं समजा. दोघंही स्वादुपिंडातून निघतात. साखर घटली की ग्लुकागॉन यकृताला सांगतं, साठवलेली काढ. जेवलात की इन्सुलिन पेशींना सांगतं, उचला. असा तोल राहतो. गुड्डीच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही. ते सुईनेच द्यावं लागतं."

मी पदराच्या गाठीतलं बाबाचं पान दाखवलं.

"गुडमारची वेल. पान चघळलं की अर्धा-पाऊण तास जिभेला गोड कळत नाही. कोणालाही! रक्तातली साखर तिथेच असते."

तिसऱ्या दिवशी गुड्डीने डोळे उघडले. "आत्या, माही सुई कोठी हाये?"

त्या संध्याकाळी दिवा लावताना मी महादेवाला म्हटलं, याची शिक्षा तुझ्याकडे मागत नाही. ती मीच देते.

गुरुवारी खिरीचा गंज, भलं मोठं पातेलं, घेऊन पाळीवर गेले. हात जोडले. "बाबा, माह्या व्रताचं उद्यापन हाये. पहिला घास तुमचा. पण आधी तुमचंच पान घ्या, म्हणजे प्रसाद होईल."

लोकांनी जयजयकार केला. बाबाला नाही म्हणता येईना. तो पान चावत असताना मी त्याच्या जबड्याकडे बघत उभी होते. मग वाटी पुढे केली. तांदूळ, दूध, वेलची, वर चारोळी.

"कशी झाली जी?"

बेचव म्हणाला तर पान धडधाकट माणसाचीही जीभ मारतं, हे बिंग फुटणार. बाबा हसला. "अमृत! साखर जरा जास्तच पडली, माय."

मी शेजारणीपुढे वाटी धरली. "सुलोचनाबाई, तुमी चाखा बरं."

सुलोचनाबाईने घास घेतला नि तोंड वाकडं केलं. "अवो, हिच्यात साखरेचा दाणा नाही!"

मी बाबाच्याच टोपलीतली पानं धडधाकट बायांना वाटली, वर साखर.

"माती!"

"मले त बिमारीच नाही, मंग माही कोणती साखर मेली?"

बाबा उठू लागला, तसा जागेश्वर मूठ वळून धावला. मी त्याला अडवलं. "मारू नको. पोलिसाईले मी सांगून ठेवलं हाये. तोवर जेवू दे. उद्यापनाचं उष्टं टाकत नाहीत, बाबा."

चारी बाजूंनी माणसं. मी वाढत गेले, तो गिळत गेला. घाम गळत होता, डोळ्यांत पाणी होतं. मी हळू आवाजात प्रत्येक वाटीला विचारत होते, "गोड लागते ना?" गाडी आली तेव्हा गंजाचा तळ दिसत होता.

मी अजून सोमवार धरते. पण घरात आधी गुड्डीची सुई, मग नैवेद्य. बायांनो, हात देवाला जोडा, औषध डॉक्टरला विचारा. आणि सुई फेकायला सांगणारा भेटला, तर त्याला आधी त्याचंच पान चारा.