पर्याय कापलेले पेपर

गेल्या वर्षी प्रवेशपरीक्षेत ठकी थोडक्यात मागे पडली आणि इंजिनिअरिंगची जागा हुकली. घरात कुणी बोल लावला नाही. बाबा बसचे ड्रायव्हर. ते एवढंच म्हणाले, "बस चुकली म्हणून कुणी स्टँडवर संसार थाटत नाही." ठकीने पुन्हा बसायचं ठरवलं आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा झेरॉक्स करून आणला.

पुढच्या खोलीत वहिनी लोकांचे कपडे शिवायची. तिथेच खिडकीपाशी ठकीचं टेबल होतं. घड्याळ लावून ती पेपर सोडवायची आणि वहिनी उत्तरसूची समोर धरून तपासायची. गठ्ठा संपला की पुन्हा पहिल्यापासून. गुण भराभर चढत होते. दादा चिडवायचा, "आता पेपर काढणाऱ्यांचीच शिकवणी घे."

एका दुपारी मशीनची सुई मोडली. नवी सुई येईपर्यंत वहिनीला काम नव्हतं. "चल, तोंडी विचारते," म्हणत तिने एक पेपर उचलला. "दोन स्प्रिंगांना एक वजन टांगलं आहे..."

"सी," ठकी म्हणाली.

"अगं, माझा प्रश्न तरी संपू दे."

"येतो मला तो."

"बरं. सी का?"

"उत्तरसूचीत सी आहे म्हणून." वहिनीने दुसरा प्रश्न काढला. पुन्हा तेच झालं.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," वहिनी म्हणाली, "पण तपासून तपासून निम्मी उत्तरं मलाही पाठ झालीत. बसू का मीही परीक्षेला?"

"तू तुझं शिवण बघ," असं फटकारून ठकी गच्चीवर निघून गेली.

राग वहिनीवर नव्हता, हे जिना चढतानाच तिला कळलं होतं. फेऱ्या मारता मारता ती एकेक प्रश्न आठवून 'का' विचारत राहिली. उत्तराचं अक्षर लगेच आठवायचं, कारण आठवायचं नाही. वर्षभर आपण गणितं सोडवत नव्हतो, ओळखत होतो. ती खाली आली ती सरळ वहिनीपाशी.

"कात्री दे."

"कापडाची कात्री कागदाला लावू देणार नाही मी. फडताळातली जुनी घे."

ठकीने सगळ्या पेपरांवरचे पर्याय कापून टाकले. उरले नुसते प्रश्न. वहिनीने त्यांतले आकडेही मनाला येतील तसे बदलून दिले.

पुस्तक उघडून ठकीने एकेक उत्तर पडताळलं, तर पहिल्याच पेपरात गुण निम्म्यावर आले होते. त्या दिवशी दादाने थट्टा केली नाही. ठकीने चुकलेला प्रत्येक प्रश्न पुस्तकातल्या मूळ धड्यापर्यंत नेला आणि एक नियम करून घेतला: का ते वहिनीला सांगता आलं, तरच प्रश्न सुटला. वहिनी मशीन थांबवून ऐकायची. "नाही पटलं," म्हणाली की ठकी कपाळाला आठ्या घालून नव्याने मांडायची. कधी रडकुंडीला यायची, पण टेबलावरून उठायची नाही. हळूहळू 'नाही पटलं' कमी झालं.

परीक्षेत स्प्रिंगांचा प्रश्न आलाच. पर्यायांत ते ओळखीचं उत्तरही होतं. ठकीचा हात माऊसवर गेला आणि थांबला. जुन्या पेपरात स्प्रिंगा शेजारी शेजारी होत्या, इथे एकीखाली एक. तिने कोऱ्या कागदावर आकृती काढली आणि पहिल्यापासून हिशोब मांडला. उत्तर वेगळं आलं. ते निवडून ती पुढे गेली. काही प्रश्न मात्र तिला आलेच नाहीत.

निकालात तिचा नंबर बराच वर सरकला होता. हवी होती ती कॉम्प्युटरची शाखा मिळाली नाही. परगावच्या कॉलेजात मेकॅनिकलला जागा मिळाली.

"अजून एक वर्ष थांबतेस का?" दादाने विचारलं. "कॉम्प्युटर मिळेल कदाचित."

"नाही," ठकी म्हणाली. "स्प्रिंगा, चाकं, घर्षण, हेच तर मला आता नीट कळायला लागलंय. मी जाते."

बाबांनी लगेच रजा टाकली. वहिनीने हातातलं शिवण बाजूला ठेवलं आणि ठकीची बॅग भरायला घेतली.