खांद्यावरचा हात

"मंजे, बांगड्या उंबऱ्यावर ठेव आणि मागं न बघता ये."

बाप हे बोलला ते त्र्याऐंशीच्या शिमग्यात. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं, आणि शेजारचे बुधाजीकाका चोरून गिरणीत जातात असा चाळीत बोभाटा झाला होता. संप मोडणाऱ्याच्या दारात बांगड्या ठेवायची तेव्हा रीतच पडली होती. दहा वर्षांची मंजुळा हिरव्या बांगड्या घेऊन गेली. ठेवून उठते तोच दार उघडलं ते सुनेत्रानं, काकांच्या लेकीनं. रोज सागरगोटे खेळणारी दोघींची जोडी त्या उंबऱ्यावरच मोडली. महिनाभरात ते घर चाळ सोडून शीवला गेलं.

आता बावीस वर्षांनी, लालबागच्या आपल्या चिमुकल्या स्टुडिओत मंजुळा त्याच बापाचा फोटो करायला बसली होती. बाप, राजाराम, जाऊन पाच दिवस झाले होते. उद्या सकाळी पुण्यानुमोदन, फोटोपुढं फुलं वाहून वंदना घ्यायची. कांताबाईनं, मंजुळाच्या आईनं, भिंतीवरची चौकट उतरवून आणली होती. बाप हसतोय असा घरात एवढा एकच फोटो, आणि त्यात बापाच्या खांद्यावर कुणाचा तरी हात.

"तेवढा हात काढून टाक," आई म्हणाली. "आणि मागं आभाळ घाल, निळं."

"आभाळ नको गं, वाढदिवसाचा बॅनर वाटेल. साधं निळं करते."

मंजुळाचं हेच काम. गेलेल्या माणसाला गर्दीतून सोडवून आणायचं, कुणाला लग्नाच्या पंगतीतून, कुणाला जत्रेतून. फोटोशॉपमध्ये ठिपक्याला ठिपका जोडत कडेकडेनं जायचं, पहाटेच्या अंगणात रांगोळीची रेघ ओढावी तसं. कानामागं वळायचं, केसांपाशी श्वास धरायचा.

स्कॅन करायला तिनं चौकटीचे खिळे उचकटले. फोटो हातात आला तो दोन्ही बाजूंनी मागं दुमडलेला.

"असाच घे," आई घाईनं म्हणाली. "उघडू नको, चिरेल."

"आई, हात कुठून आलाय ते दिसल्याशिवाय काढू कसा?"

तिनं फोटो उलगडून काचेवर ठेवला. पडद्यावर बापाशेजारी बुधाजीकाका येऊन उभे राहिले. हात त्यांचाच होता. मागं गिरणीतलं झेंडावंदन, पुढच्या माणसाच्या मांडीवर पाटी: रिंग खाते, २६ जानेवारी १९८३.

मंजुळानं आकडा मोठा केला. आणखी मोठा केला. नुसते करडे चौकोन उरले, तरी तिनाचा तीनच राहिला.

"बाबा तेव्हा कॉटन ग्रीनला गोण्या उचलायला जायचे ना?"

आई चौकटीचे खिळे गोळा करायला लागली.

"म्हणजे दोघं जोडीनं आत होते. आणि दोन महिन्यांनी मला काकांच्याच दारात धाडलं?"

"चाळीत आपल्याबद्दलही कुजबूज सुरू झालेली. म्हणून…"

"म्हणून माझ्या हातानं! सुनेत्राच्या लग्नाला गेले नाही मी. काका गेले तेव्हाही गेले नाही. फितुराचं घर म्हणत राहिले, बाबांसमोर म्हणत राहिले, आणि बाबा ऐकत बसायचे! काकांनी एक शब्द काढला असता तर?"

"नाही काढला त्यांनी."

मंजुळानं पडद्याकडं पाहिलं. काकांची बोटं पुसली असती, पण त्यांच्या भारानं बापाच्या सदऱ्याला चुणी पडली होती. ती पुसली तर खांदा खोटा होत होता, आणि ठेवली तर तिथं कुणीतरी आहे हे दिसत होतं. तिनं माऊस बाजूला सारला.

"मला नाही जमायचं. उद्या रिकामी चौकट लाव. ह्या माणसापुढं मी फूल ठेवणार नाही."

"असं नको बोलू त्यांना."

"मग काय बोलू? दगाबाज बोलू?"

आईनं पदराचं टोक मुठीत आवळलं. ती त्या हसऱ्या चेहऱ्याकडं वळली.

"ते जात नव्हते गं. मीठभाकर खाऊ, पण गिरणीत पाऊल टाकणार नाही म्हणायचे. बुधाजीभावोजींच्या पाया मी पडले, ह्यांना सोबत न्या म्हणून. ह्यांना म्हटलं, गेला नाहीत तर पोरीला घेऊन निघून जाईन, पुन्हा तोंड दिसणार नाही. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गिरणीच्या मागच्या गल्लीपर्यंत मीच सोडायला गेले. बांगड्यांचंही माझ्याच डोक्यातून निघालं. शिव्या द्यायच्या तर मला दे, मंजे. मी पाठवलं त्यांना."