मागे पळायची वाट

झाड पाडणारा बहुतेक वेळा कापताना मरत नाही, मागे पळताना अडखळून मरतो, असं बाबा सांगतात. म्हणून चेनसॉ सुरू करण्याआधी ते बुंध्यापासून तिरकी मागे जाणारी बारा पावलांची वाट साफ करतात आणि नजर शेंड्यावर ठेवून त्या वाटेवरून एकदा उलटे चालतात. पाय अडलाच, तर कशाला अडला ते सापडून बाजूला होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. खाच कुठे घ्यायची, मध्ये बिजागरीपुरतं लाकूड किती राखायचं, हे सगळं त्यानंतर. या नियमापायी त्यांनी एकदा माझ्या नवऱ्याला अख्खी दुपार गवतात रांगायला लावलं होतं. सापडली एक रिकामी बाटली.

बाबा आता एकोणसत्तरचे. मशीन त्यांच्याकडून काढून घे, असा धोशा आईने वर्षभर माझ्यामागे लावला होता. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? मी आजचं उद्यावर ढकलत होते.

त्या दिवशी शाळेच्या मैदानातलं वाळलेलं झाड पाडायचं होतं. त्यांच्याच हाताखाली हे काम शिकलेली मी सोबत होते, वाट मीच साफ केली. बाबा उलटे चालू लागले आणि सातव्या पावलाला चक्क आडवे झाले.

"मुळी आहे तिथे," उठता उठता ते म्हणाले. पडलो तरी नाक वर.

पुन्हा चालले. या वेळी पाचव्या पावलालाच तोल गेला.

मी गुडघ्यांवर बसून सगळी वाट चाचपली. जमीन सपाट होती. कडेला मुळीचा एक वाळका तुकडा पडला होता. तो उचलून 'सापडली' म्हटलं असतं, तर बाबांची लाज राहिली असती आणि मीही सुटले असते. हात तिथवर गेलाही. मग वरच्या सुकलेल्या फांद्या दिसल्या; त्या कोसळताना बाबा असेच आडवे झाले तर, या विचाराने मला माझाच राग आला.

"इथे काहीच नाही, बाबा."

त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. आता माझी खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं.

"म्हणजे काय अडतंय ते सापडलं," ते म्हणाले. "आता ते बाजूला झालं पाहिजे."

त्यांनी हेल्मेट काढलं, पट्टा माझ्या मापाचा केला आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी मला हाताने खूण केली. मी शेंड्याकडे बघत उलटी चालू लागले. पाय कुठेतरी अडावा, असं मनापासून वाटत होतं. बाराही पावलं नीट पडली. मग मशीन सुरू करावंच लागलं.