पसंत हाय!

ज्या गावात नाटक, त्या गावात कुठल्याही घरी पाहुण्याला पान वाढतात, हे झाडीपट्टीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून मूल गावाहून नाटकाला आलेला मुखरू भुकेल्या पोटी पहिल्याच उघड्या दारात शिरला.

"या जी पाहुणे, तुमचीच वाट पाहून राह्यलो!" म्हणत घरधन्यानं त्याला पाटावर बसवलं. मुखरूनं वड्यांवर आडवा हात मारला. घरची मुलगी वाढायला आली.

"पसंत हाय का?" घरधन्यानं विचारलं.

"एकदम पसंत!" वडा चावत मुखरू म्हणाला.

लगेच त्याच्या कपाळी कुंकू लागलं, घरात साखर वाटली. तेवढ्यात आपल्या मुलासाठी ही मुलगी पाहायला आलेली खरी पाहुणी दारात उभी राहिली. ती मुखरूची सासू होती.

"काऊन जी जावईबापू, माही पोरगी जेवाले देत नाई का?"